2000 तास ही इंजिनाची एक्सपायरी डेट नव्हे

छोट्या विमानांच्या पिस्टन इंजिनांबद्दलचा एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्रत्येक इंजिनाची एक्सपायरी डेट 2000 तासांची असते, ती उलटल्यावर ते विमान उडवणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि वीस वर्षांत जेमतेम 300 तास चाललेलं इंजिन मिळालं, तर डोळे झाकून घ्यावं. पहिली दोन विधानं चूक आहेत. तिसरं धोक्याचं आहे, आणि मी मुख्यतः त्याच्यासाठी लिहितोय.

आधी आकडा. इंजिन पूर्ण उघडून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जुळवणं म्हणजे ओव्हरहॉल. दोन ओव्हरहॉलमधल्या या तासांना टीबीओ (टाइम बिटवीन ओव्हरहॉल्स) म्हणतात. तो इंजिनागणिक वेगळा असतो आणि बदलतोही. रोटॅक्स 912 या छोट्या विमानांच्या इंजिनाचा टीबीओ 1200 होता, मग 1500 झाला, नंतर 2000. सुधारणा होत गेल्या, अनुभव साठत गेला, तसा निर्मात्याने तो वाढवला. बऱ्याच देशांत खासगी उड्डाणासाठी टीबीओ ही शिफारस असते. व्यावसायिक उड्डाणाचे नियम कडक असतात आणि तिथे तो पाळावाच लागू शकतो. तेव्हा ‘टीबीओ विसरा’ असं मी म्हणत नाही.

आता 2000 नंतरचा धोका. झीज हळूहळू होते आणि बहुतेकदा खुणा सोडते. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) उतरतं, तेल जास्त लागतं, फिल्टर कापून उघडला की धातूचे कण दिसतात, बोअरस्कोपमधून (सिलिंडरच्या आत पाहायच्या बारीक दुर्बिणीतून) एक्झॉस्ट व्हॉल्व्हची एकच कड जळकी दिसते. या तपासण्या नियमित होत असतील, तर 2001 व्या तासाला अचानक काही घडत नाही. उलट नव्याने जुळवलेल्या इंजिनाच्या पहिल्या काही तासांत जुळणीतल्या चुका बाहेर येतात. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांच्या देखभालीवरच्या 1978 च्या अहवालात, एअरलाइनच्या विमानांतल्या सुट्या भागांपैकी फक्त 11 टक्के भागांत वयाबरोबर बिघाड वाढताना दिसला होता. ते भाग वेगळे होते, त्यामुळे हा आकडा पिस्टन इंजिनाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण ‘जुनं म्हणजे धोकादायक’ हे गृहीत धरता येत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

आणि ते 300 तासांचं इंजिन. लायकमिंग ही इंजिन बनवणारी कंपनी सर्व्हिस इन्स्ट्रक्शन 1009 या ज्या सूचनापत्रात टीबीओचे तास देते, त्यातच 12 वर्षांची मर्यादाही आहे. फिरणाऱ्या मजकुरात या वर्षांचा उल्लेखच नाही. कारण साधं आहे: गंज. लायकमिंगच्या बहुतेक इंजिनांत कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) हा क्रँकशाफ्टच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) वर असतो. विमान उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल ओघळून खाली जातं आणि उघड्या पोलादाला दमट हवा लागते. कॅमच्या लोबवर (उंचवट्यांवर) आणि त्यांना टेकणाऱ्या टॅपेटच्या तोंडावर बारीक खड्डे पडतात. पुढे इंजिन चाललं की तिथून कवचं निघू लागतात, आणि तो धातू तेलाबरोबर इंजिनभर फिरतो.

‘आम्ही दर महिन्याला दहा मिनिटं जमिनीवर चालवतो’ हे उत्तर मी अनेकदा ऐकलंय, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण मालक मनापासून काळजी घेत असतो. पण ज्वलनातून पाणी तयार होतं, आणि एवढ्या वेळात तेल पुरेसं तापत नसल्याने ते उडून जात नाही, आतच राहतं. लायकमिंगची शिफारस आहे ती जास्तीत जास्त 30 दिवसांच्या अंतराने किमान सलग तासभर उडण्याची, तेलाचं तापमान 165 ते 200 अंश फॅरनहाइट ठेवून.

म्हणून विमान घेताना एकूण तासांआधी लॉगबुकात महिन्यागणिक उड्डाणं पाहा. मोठी खिंडारं दिसली, तर एखादा सिलिंडर काढून कॅम प्रत्यक्ष बघू द्या म्हणून विक्रेत्याला सांगा. त्याने नकार दिला, तर ओव्हरहॉलचा पूर्ण खर्च धरूनच किंमत बोला.