दुबईत दीडशे, रावेरात सहा : मधले पैसे जातात कुठे?

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला नऊ जणांनी पाठवला. शेवटचा आला माझ्या सख्ख्या मामांकडून. मजकूर थोडक्यात असा (रावेर म्हणजे जळगाव जिल्ह्यातला आपला केळीचा तालुका) : "दुबईत केळी दीडशे रुपये किलो, रावेरात सहा रुपये. मधले एकशे चव्वेचाळीस निर्यातदाराच्या खिशात. मुंबईहून दुबई चार दिवसांची वाट, लाल समुद्र मध्ये येतच नाही, तरी जहाजाचं कारण सांगतात. केळीवर सरकारने कधी बंदी घातली नाही, तरी धोरणाचं कारण सांगतात. युरोप दोनशे देतो, तिकडे माल पाठवत नाहीत. शेतकऱ्यांनो, दहा जण एकत्र या, स्वतःचा कंटेनर भरा, दलाल संपवा." खाली मामांनी विचारलं होतं, "भाचेबुवा, खरं आहे का हे?"

मामा, फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितो. घरची चार एकर केळी आहे आणि सात वर्षं मी पॅकहाउसच्या, म्हणजे केळी निवडून, धुऊन खोक्यात भरण्याच्या, कामात आहे, त्यामुळे दोन्ही बाजू रोज बघतो. मेसेज लिहिणाऱ्याचा राग खोटा नाही. बाजाराच्या बोर्डावर एक भाव आणि बांधावर दुसरा, हे मी स्वतःच्या बागेत भोगलंय. कापून नेलेल्या घडांचे पैसे दीड महिन्याने आलेत. मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या केळी-लिलावात सकाळी काय झालं त्यावर आपला दिवस ठरतो आणि त्या आकड्यावर आपला काडीचा ताबा नसतो. हे सगळं मान्य. पण मेसेजने हा राग भलत्याच ठिकाणी नेऊन ठेवलाय, आणि त्यातला शेवटचा सल्ला तर घर बुडवणारा आहे.

आधी ते एकशे चव्वेचाळीस रुपये. दीडशे हा दुकानातल्या पिकलेल्या, पिवळ्या केळीचा भाव. आपण पाठवतो हिरवी. सहा रुपये हा बांधावरच्या घडाचा भाव, आणि घड काही खोक्यात जात नाही. दांडा निघतो. खालच्या बारीक फण्या निघतात. वाऱ्याने पान घासून डाग पडलेली फणी निघते. उरलेल्या फण्यांचा चीक पाण्यात जाऊ द्यायचा, मग तुरटीच्या पाण्यातून काढायच्या, पुसायच्या, फोम लावून पॉलिथिनमध्ये बसवायच्या, पिशवीतली हवा ओढून घ्यायची. एक खोकं तेरा किलोचं. चाळीस फुटी रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या, कंटेनरमध्ये अशी १५४० खोकी बसतात, म्हणजे वीस टन.

त्याआधी प्री-कूलिंग, म्हणजे माल गार करून घेणं. कंटेनर माल थंड ठेवतो, गरम माल थंड करून देत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मे महिन्यात आपल्याकडे पंचेचाळीस अंश असतं तेव्हा बागेतून आलेल्या केळीचा गर हाताला कोमट लागतो. तो साडेतेरा अंशांच्या आसपास आणायचा. तेराच्या खाली गेला की साल काळवंडते, वर राहिला की केळी वाटेतच पिवळी पडते. त्या एक-दोन अंशांत सगळा धंदा आहे. पुढे जनरेटर लावलेला ट्रेलर, धुळे-नाशिक-कसारा करत मुंबईजवळचं न्हावा शेवा बंदर, तिथलं विजेचं बिल, जहाजाचं भाडं, तिकडची उतराई, पिकवण्याची खोली, घाऊक व्यापारी, दुकानदार आणि त्याने फेकून दिलेली केळी. यात निर्यातदाराचाही वाटा आहे. तो धर्मादाय करत नाही, आणि बरा आठवडा लागला की तो बरं कमावतो. पण एकशे चव्वेचाळीस त्याच्या एकट्याच्या खिशात, हा हिशेबच नाही.

हिशेबच करायचा तर असा करा. डॉलर ८५ रुपये धरा. कंटेनरचं भाडं हजार डॉलरनी वाढलं तर ८५ हजार रुपये झाले. ते वीस टनांवर वाटले की किलोमागे सव्वाचार रुपये. आखातातला खरेदीदार दर वाढवून देत नाही, कारण त्याच्या दारात फिलिपिन्सची आणि इक्वेडोरची केळी उभी असते. मग हे सव्वाचार रुपये मागे सरकत सरकत कुठे येतात? बांधावर. म्हणून जहाजाचं भाडं हा शेतकऱ्याचा विषय आहे.

"लाल समुद्र मध्ये येत नाही." नकाशावर अगदी बरोबर. न्हावा शेव्याहून दुबईचं जेबेल अली गाठायला लाल समुद्र लागत नाही. पण कंटेनर काही रावेरात बनत नाहीत. १९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनच्या हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज ताब्यात घेतलं आणि त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी आपली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. युरोपच्या फेरीत दहा ते चौदा दिवस वाढले. तीच जहाजं, तेच रिकामे डबे उशिरा परतू लागले. त्यात रीफरची अडचण आणखी वेगळी. आपल्या देशात थंड माल भरून येतो थोडा आणि जातो जास्त, कोळंबी, मांस, द्राक्षं. म्हणजे रिकामे रीफर बाहेरून आणावे लागतात. जानेवारी ते एप्रिल नाशिकची द्राक्षं ते उचलतात आणि त्याच दिवसांत आपली केळीही दारात उभी असते.

आणि "चार दिवसांची वाट"? ती जहाजाची. केळीची वाट कापणीपासून मोजायची. कापणी-पॅकिंगचे एक-दोन दिवस, गार करायला एक, रस्त्याला दीड, बंदरात दोन-तीन, समुद्रात चार, तिकडे सोडवायला दोन-तीन. बारा-चौदा दिवस सहज झाले. त्यात एखादं जहाज आपला कंटेनर न घेताच निघालं, म्हणजे बंदरातल्या भाषेत 'रोल' झाला, की पुढच्या आठवड्याचं जहाज. केळीला हा आठवडा कोणी परत देत नाही.

जून २०२५ मध्ये इस्राएल-इराण युद्ध बारा दिवस चाललं. तेव्हा इराणला जाणारा सुमारे एक लाख टन बासमती आपल्या बंदरांत अडकल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. बासमती गोदामात थांबला आणि नंतर गेलाही. तयार झालेला घड झाडावर किती थांबेल? आठवडाभर ओढाल, मग दिल्लीच्या गाडीत मिळेल त्या भावाने. एक्सपोर्टचा माल असा एकदम लोकलला, म्हणजे देशातल्या बाजारात, उतरला की लोकलचाही भाव पडतो. ज्याने आयुष्यात निर्यातीचं तोंड पाहिलं नाही, त्याचीही बाग त्यात सापडते.

तिसरा मुद्दा, बंदी नाही म्हणजे धोरणाचा संबंध नाही. केळीवर निर्यातबंदी आली नाही, खरं आहे. बंदी कशी येते ते साक्री-चाळीसगावच्या कांदेवाल्याला विचारा. ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के शुल्क, ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याखालच्या भावाने माल बाहेर पाठवायचाच नाही), ८ डिसेंबरला थेट बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि चाळीस टक्के शुल्क ठेवूनच. सप्टेंबरात शुल्क वीस टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला पूर्ण गेलं. वीस महिन्यांत इतक्या वेळा नियम बदलला. परदेशातला खरेदीदार अशा देशाकडे पुढच्या हंगामाची बोली लावून बसत नाही, तो दुसरा विक्रेता शोधून ठेवतो.

केळीला धोरण आडवं येतं ते पैशाच्या वाटेवर. इराण आपलं मोठं गिऱ्हाईक, पण अमेरिकेच्या निर्बंधांमुळे पैसे सरळ बँकेत येत नाहीत. आधी आपण इराणकडून तेल घ्यायचो, त्याचे रुपये इथल्या बँकेत जमायचे आणि त्यातून आपल्या निर्यातदारांना पैसे मिळायचे. मे २०१९ नंतर तेलखरेदी थांबली, रुपयांचा तो साठा आटत गेला. आता पैसा तिसऱ्या देशातून, उशिरा आणि कापून येतो. निर्यातदार ती जोखीम भावात धरतो, आणि तो भाव कोणाच्या घडाचा असतो हे सांगायला नको. दुसरी गोष्ट भाड्याच्या मदतीची. २०१९ मध्ये केंद्राने शेतमालाच्या वाहतूक आणि विपणनासाठी मदत योजना आणली होती, समुद्राने जाणाऱ्या रीफरलाही कंटेनरमागे पैसे मिळायचे. मार्च २०२२ नंतरच्या मालाला ती राहिली नाही, आणि २०२४ च्या सुरुवातीला लाल समुद्राच्या गोंधळात भाडी पुन्हा पेटली. जाब विचारायचा तर इथे विचारा, मी पुढे उभा राहीन.

युरोपचं थोडक्यात. नोव्हेंबर २०२३ मध्ये बारामतीहून समुद्रमार्गे नेदरलँडला केळीची चाचणी खेप निघाली. त्याच महिन्यात लाल समुद्राची वाट बिघडली. युरोपात सर्वसाधारण आयातशुल्क टनाला ११४ युरो, इक्वेडोर-कोलंबियाला करारामुळे ७५, आफ्रिकेतल्या कित्येक देशांना शून्य. शिवाय क्लोरपायरीफॉससारख्या औषधाचा अंश किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर दिसला की माल परत. आपल्या किती बागांत औषधांची वही लिहिली जाते?

आता तो सल्ला, स्वतःचा कंटेनर भरा. मामा, आम्ही भरला होता. पहिल्याच वर्षी, आम्ही पाच जण. कोणाला सांगितलं नव्हतं कारण सांगण्यासारखं नव्हतं. माल सुरेख होता, झाडावरच स्कर्टिंग बॅग (घडावर चढवायची पिशवी) लावून वाढवलेले घड, एका फणीला डाग नाही. रिकामा रीफर एक दिवस उशिरा आला. रात्रभर भरला. बंदराची आत घेण्याची वेळ चार तासांनी चुकली आणि कंटेनर रोल झाला. सात दिवस तो बंदराबाहेर विजेच्या प्लगवर उभा होता आणि त्या प्लगचं बिल आमच्या नावावर चढत होतं. जहाज कंपनीने एक छापील ओळ पाठवली, वेळापत्रकाची हमी नाही.

तिकडे दार उघडल्यावर खरेदीदाराने फोटो पाठवला. उघडं खोकं, वरच्या फणीत खुपसलेला थर्मामीटर, आकडा सतरा. मागच्या बाजूची तीन-चार खोकी पिवळी झालेली. एक खोकं पिकलं की त्याचा वायू शेजारच्याला पिकवतो, हे त्या दिवशी कळलं. निम्म्याहून कमी पैसे देतो म्हणाला. नाही म्हणायचं तर वीस टन केळी परक्या बंदरात टाकायची आणि टाकण्याचेही पैसे भरायचे. आम्ही हो म्हणालो. विमा होता, पण त्यात उशिराने झालेलं नुकसान बसत नव्हतं. आमच्या पाचांतल्या एकाने त्या वर्षी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे घातले होते. तो अजून माझ्याशी बोलतो, हे त्याचं मोठेपण.

म्हणून "दलाल संपवा" वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो. ज्याचे महिन्याला पन्नास कंटेनर जातात त्याचा एक बिघडला तर तो उरलेल्यांवर भरून काढतो. आपला एकच असतो. गट करू नका असं मी म्हणत नाही, कराच. पण पहिली दोन वर्षं गटाने पॅकहाउसपर्यंतच जावं, प्रतवारी आणि वजन आपल्या हाती घ्यावं, समुद्राची जोखीम पेलणारा दुसरा असू द्यावा. आणि पुढे स्वतः पाठवायचंच तर निर्यात पतविमा (खरेदीदाराने पैसे बुडवले तर भरपाई देणारा) आधी, खोकी नंतर.

मामा, तुमची नवती, म्हणजे नव्या लागवडीची केळी, पुढच्या महिन्यात कटाईला येईल. व्यापारी दारात आला की त्याला चार गोष्टी विचारा आणि कागदावर घ्या. भाव कटाईच्या आदल्या दिवशीचा की गाडी भरायच्या दिवशीचा? दांड्याची वजावट किती? काढून टाकलेल्या फण्या कोणाच्या आणि त्यांचा भाव काय? कंटेनर रोल झाला किंवा तिकडून क्लेम (माल खराब म्हणून पैसे कापण्याची मागणी) आला तर तो तुमच्या पैशातून कापणार का? शेवटच्या प्रश्नाला तो "बघू" म्हणाला, तर घड कापू देऊ नका आणि मला फोन करा.