“तीन फेऱ्या झाल्या, फवारणी नाही, नुसते चिकट कागद” या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. आपली तक्रार अशी की आम्ही फवारणी टाळली, झुरळं अजून दिसतात आणि वर दोष शाळेच्या कर्मचाऱ्यांवर ढकलला. शेवटचा मुद्दा मान्य. अहवालात “कर्मचाऱ्यांचं सहकार्य नाही” एवढंच लिहिणं चुकलं. कोणी काय करायचं हे त्यांना आम्ही सांगितलंच नव्हतं.

फवारणीबाबत मात्र आम्ही ठाम आहोत. स्वयंपाकघरात बिजागऱ्यांजवळ, सिंकखाली जेलचे, म्हणजे झुरळाने खायच्या विषारी आमिषाचे, मसुरीएवढे ठिपके लावले आहेत. त्यांवर स्प्रे किंवा फिनाइल गेलं की झुरळ जेलला तोंड लावत नाही, आणि फवाऱ्याने हुसकलेली झुरळं शेजारच्या खोलीत शिरतात. शिवाय छोट्या तपकिरी झुरळाच्या अंड्यांच्या एका डबीत 30 ते 40 अंडी असतात. फवारलेलं औषध आत पोचत नाही. कोठीच्या कपाटात कोणीतरी बाजारातला स्प्रे मारलेला दिसला. हेतू चांगलाच असणार, पण तिथलं जेल वाया गेलं.

चिकट सापळा झुरळं संपवायला नसतो, मोजायला असतो. त्यावर बारीक पिल्लं जास्त असली तर त्यांचा अड्डा हाताच्या अंतरावर आहे असं समजायचं. म्हणून लादी पुसताना सापळा उचलावा आणि पुन्हा त्याच जागी, भिंतीला टेकवून ठेवावा. भिजला तर फेकू नये, आमच्यासाठी बाजूला ठेवावा. खोलीच्या मध्यभागी सरकवलेला सापळा रिकामाच राहतो, कारण झुरळ कडेकडेने चालतं. मग सगळ्यांना वाटतं, किडे गेले!

स्वयंपाकघरात रात्री सिंक कोरडं करणं सगळ्यात महत्त्वाचं. झुरळ उपाशी महिनाभर काढेल, पाण्यावाचून तेवढं टिकत नाही. सामानाचे पुठ्ठ्याचे खोके आले त्याच दिवशी रिकामे करून बाहेर काढावेत. शिक्षकांनी वर्गातला खाऊ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला तरी पुरे. शिपायांनी दाराखाली पेन्सिल सरकवून पाहावी: ती गेली तर उंदराचं पिल्लूही जाईल, तिथे रबरी पट्टी लागेल.

नोंदवहीत “किडे आहेत” असं लिहून आम्हाला काही कळत नाही. तारीख, वेळ, नेमकी जागा, किती दिसले, एवढं हवं. भरदिवसा दिसलेलं झुरळ आवर्जून लिहावं. बहुतेकदा त्याचा अर्थ फटींत जागा उरलेली नाही.

पुढच्या फेरीत सफाई, स्वयंपाकघर आणि शिक्षक अशा तीन गटांना प्रत्येकी 15 मिनिटं, जागेवरच दाखवू. आपल्याकडून दोन गोष्टी हव्यात: नोंदवहीसाठी एक जबाबदार व्यक्ती, आणि घरून स्प्रे आणू नये अशी मुख्याध्यापकांच्या सहीची सूचना. जेल शाबूत राहूनही चार आठवड्यांत सापळ्यांवरचा आकडा उतरला नाही, तर झुरळांनी ते जेल नाकारलं असण्याची शक्यता धरून आम्ही ते बदलू. त्या फेरीचे पैसे घेणार नाही.