म्हातारपणाचा पगार सगळ्यांना का नाही?

वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्र सरकारचा वाटा ६० ते ७९ वयाच्या गरीब माणसासाठी महिन्याला २०० रुपये आहे. २००७ साली २०० होता, आजही २००च. ऐंशी ओलांडली की ५००. महाराष्ट्र आपली भर घालून जुलै २०२३ पासून १५०० देतो, त्याआधी १००० देत होता. राज्याने भर घातली हे चांगलंच केलं. पण १५०० रुपयांत बीपी-शुगरच्या गोळ्या, तेल-मीठ, वर आजारपण कसं भागवायचं?

त्याहून मला सलते ती उत्पन्नाची अट. राज्याच्या श्रावणबाळ या वृद्ध पेन्शन योजनेला वय ६५ लागतं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत. म्हणजे अख्ख्या घराला महिन्याला १७५० रुपये! नवरा-बायको आठवडाभर मजुरीला गेले तरी एवढे पैसे होतात. मग तलाठ्याकडून तहसीलला, तिथून सेतूला, अशा चकरा सुरू होतात आणि ज्याची ओळख त्याचं काम होतं. सातबाऱ्यावर दोन एकर दिसतात. सप्टेंबर २०२५ च्या पुरात त्यातलं सोयाबीन गेलं ते कागदावर दिसत नाही.

बीड, धारूर, वडवणी, पाटोदा या भागात दसरा-दिवाळीनंतर गावं रिकामी होतात. लेक-सून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात ते पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. मागे म्हातारी माणसं राहतात. नातवंडांची शाळा, जनावरांचं चारापाणी, दारासमोरचा टँकर, सगळं तीच बघतात. सत्तरीची आजी पहाटे उठून तीन पोरांच्या भाकरी थापते, म्हणून तिची सून उसाच्या फडात उभी राहू शकते. पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या साखरेत तिच्याही कष्टाचा वाटा आहे. तिला ‘निराधार’ म्हणून रांगेत उभं करायचं आणि वर उत्पन्नाचा दाखला मागायचा, हे मला अजिबात पटत नाही.

सरसकट पेन्शन श्रीमंत देशांनाच परवडते, असं कुणी म्हणालं तर त्याला नेपाळ दाखवा. तिथे १९९० च्या दशकात ७५ वर्षांवरच्यांना महिना १०० रुपयांपासून सुरुवात झाली. आज दुसरी सरकारी पेन्शन नसलेल्या ६८ वर्षांवरच्या नागरिकाला महिन्याला ४००० नेपाळी रुपये मिळतात, आपले २५००. उत्पन्नाचा दाखला नाही. आपल्यापेक्षा कितीतरी गरीब देश आहे तो. थायलंडनेही २००९ मध्ये वृद्ध भत्ता असाच खुला केला. संयुक्त राष्ट्रांच्या २००२ च्या माद्रिद परिषदेत वृद्धांसाठीचा जागतिक आराखडा मान्य झाला तेव्हा आपणही त्यात होतो.

आपल्याकडे मंजूर झालेला पगारही सुखाने हातात पडत नाही. आयुष्यभर खुरपं धरलेल्या बोटांचा ठसा मशीनवर उमटत नाही, आणि बँक तालुक्याला. एसटीचा प्रवास ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून मोफत आहे, त्याचा मोठा आधार झाला. पण गुडघे धरलेल्या माणसाने फाट्यापर्यंत तरी कसं जायचं?

केंद्राच्या पेन्शनरांना चेहरा ओळखून हयातीचा दाखला २०२१ पासून मिळतो. पोस्टमन घरी येऊनही तो काढून देतो. मग वाडी-तांड्यावरच्या म्हाताऱ्यांचा दाखला आणि पगार त्याच पोस्टमनच्या हाती दारात का येऊ नये? सरकारी पेन्शन किंवा आयकर असलेले तेवढे वगळा, बाकी ६५ वर्षांवरच्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता पगार द्या, आणि केंद्राचे २०० आधी वाढवा. आपल्या आमदार-खासदारांना हे लेखी विचारा. ग्रामसभेत ठराव घ्या. आमच्या गावात आम्ही तो मांडणार आहोत.