एक लाख खुर्च्या आणि ओल्ड ट्रॅफर्डचा धाक

मँचेस्टर युनायटेडने मार्च २०२५ मध्ये नवीन स्टेडियमचं डिझाइन दाखवलं तेव्हापासून आमच्या युनायटेडवाल्यांच्या ग्रुपवर एकच वाद चालूय. एक लाख लोकांची सोय, नॉर्मन फॉस्टरच्या फर्मचं काम, वरती छत्रीसारखं प्रचंड छत, ते पेलायला २०० मीटर उंचीचे तीन खांब, आणि सगळं आत्ताच्या ओल्ड ट्रॅफर्डच्या शेजारीच. अर्ध्या ग्रुपचं म्हणणं असं की हे एकदा उभं राहिलं की समोरची टीम बसमधून उतरतानाच अर्धी हरलेली असेल, फर्गीच्या (मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसनच्या) काळातला धाक परत येईल. मला हे पटत नाही. नवीन स्टेडियमने होम ॲडव्हान्टेज, म्हणजे घरच्या मैदानाचा फायदा, वाढतच नाही असं मी म्हणत नाहीये, वाढतं, वाढल्याची चांगली उदाहरणं आहेत, पण ते ज्याच्यामुळे वाढतं त्याबद्दल या सगळ्या चर्चेत कुणी बोलतच नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी आपल्याच घरचं बघू. २०१०-११ चा सीझन आठवतोय का? लीगच्या १९ होम मॅचेस, त्यातल्या १८ जिंकल्या आणि एक वेस्ट ब्रॉमशी बरोबरी. त्याच सीझनमध्ये बाहेर जाऊन आपण जिंकलो फक्त ५. म्हणजे आपलं १९वं टायटल अक्षरशः ओल्ड ट्रॅफर्डने मिळवून दिलंय. आता २०२४-२५ घ्या. त्याच मैदानावर लीगमध्ये ९ मॅचेस हरलो. लिव्हरपूल, टॉटनहॅम, फॉरेस्ट, बोर्नमथ, न्यूकासल, ब्रायटन, पॅलेस, वुल्व्ज, वेस्ट हॅम. लिहितानाही त्रास होतो. बोर्नमथ येऊन ३-० मारून गेले राव! आणि इमारत तीच, स्टँड तेच, क्षमताही जवळपास तेवढीच, फरक म्हणाल तर छप्पर आता धो धो गळतं. मग १४ वर्षांत धाक कुठे गेला? इमारतीत असता तर तिथेच सापडला असता ना.

बरं, त्याच वाईट सीझनमध्ये १७ एप्रिलची ल्योंविरुद्धची मॅच झाली. युरोपा लीग, दुसरा लेग, २-० ने पुढे होतो ते २-२ झालं, मग एक्स्ट्रा टाइममध्ये दहा जणांच्या ल्योंने २-४ केलं, संपलंच होतं सगळं. ११४व्या मिनिटाला ब्रूनोची पेनल्टी, १२०व्या मिनिटाला मेनूचा गोल, आणि त्याच्या पुढच्याच मिनिटाला मॅग्वायरचं हेडर. ५-४. शेवटची सहा-सात मिनिटं ओल्ड ट्रॅफर्डचा जो आवाज होता तो टीव्हीवरूनही अंगावर येत होता, ल्योंच्या पोरांना बॉल क्लिअर करणं जमेना. लीगमध्ये पंधराव्या नंबरवर संपलेली टीम आहे ही! त्यामुळे ते स्टेडियम मेलंय असं मला कुणी सांगू नका, त्यातली माणसं चेतली की ते अजूनही खातं समोरच्याला.

आणि माणसं काढून टाकली तर काय होतं तेही आपण बघितलंय. २०२०-२१, कोव्हिडचा सीझन, जवळपास सगळ्या मॅचेस रिकाम्या स्टँडसमोर. प्रीमियर लीगमध्ये त्या वर्षी होम टीम १४४ मॅचेस जिंकली आणि अवे टीम १५३. इंग्लंडच्या टॉप डिव्हिजनच्या अख्ख्या इतिहासात असं पहिल्यांदा झालं. त्यात आपलं तर फारच ठळक: लीगमध्ये बाहेर एकही मॅच हरलो नाही, १९ च्या १९ अनबीटन, आणि घरी ६ हरलो, त्यातली एक टॉटनहॅमकडून १-६. तेच गवत, तीच ड्रेसिंग रूम, प्रवासाचा त्रास समोरच्यालाच, तरी घरचा फायदा शून्य, नव्हे उलटाच. याच्यापेक्षा स्वच्छ प्रयोग कुठल्या प्रयोगशाळेत झाला नसता.

गर्दीचा परिणाम फक्त खेळाडूंवर होतो असं नाही, मुख्य म्हणजे रेफ्रीवर होतो. २००२ मध्ये इंग्लंडमध्ये एक अभ्यास छापून आला होता. ४० रेफ्रींना एका मॅचमधले टॅकल्स व्हिडिओवर दाखवले, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी होम टीमविरुद्ध कमी फाउल दिले. बेइमानी नाही हो, माणूसच आहे, कानावर पन्नास हजारांचं ओरडणं पडलं की हात अडखळतो. आणि याच्याही पुढचं मला फार महत्त्वाचं वाटतं ते जर्मनीतलं. थॉमस डोमेन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने बुंडेसलिगाच्या रेफ्रींचे निर्णय तपासले, इंज्युरी टाइम, पेनल्टी वगैरे, तर होम टीमकडे झुकाव दिसला, पण ज्या स्टेडियममध्ये मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आहे तिथे तो झुकाव कमी. मधे ट्रॅक आला, माणसं लांब गेली, आवाज पातळ झाला, रेफ्री मोकळा झाला. इथे मला नवीन स्टेडियमबद्दलचा मुद्दा सापडतो. किती माणसं यापेक्षा किती जवळ, किती एकत्र.

युव्हेंटसचं बघा. १९९० च्या वर्ल्ड कपसाठी तुरीनमध्ये स्तादिओ देल्ले आल्पी बांधलं, ६५-७० हजारांचं, मैदानाभोवती ट्रॅक, पहिल्या रांगेतल्या माणसालाही खेळाडूचा चेहरा दिसू नये अशी रचना. इटलीतला सगळ्यात लोकप्रिय क्लब आणि स्टेडियम अर्धं रिकामं. शेवटी पाडलं ते. त्याच जागी २०११ मध्ये नवीन उभं केलं, आणि क्षमता ठेवली फक्त ४१ हजारांच्या आसपास! एवढ्या मोठ्या क्लबने स्वतःहून लहान स्टेडियम बांधलं, स्टँड मैदानाला चिकटवले. त्याच्या आधीची सलग दोन वर्षं सातव्या नंबरवर होते. नवीन स्टेडियमच्या पहिल्याच सीझनला अख्ख्या लीगमध्ये एकही मॅच न हरता चॅम्पियन. २०१३-१४ मध्ये १९ पैकी १९ होम मॅचेस जिंकल्या, १०२ पॉइंट्स. २०१२ ते २०२० सलग नऊ टायटल्स.

आता कुणीतरी म्हणेलच, अरे पण त्याच उन्हाळ्यात कोंते मॅनेजर झाला, पिर्लोसारखा मिडफिल्डर फुकटात मिळाला, विदाल आला. बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर आहे, आणि सगळं श्रेय काँक्रीटला द्यायची माझीही तयारी नाही. पण कोंतेची टीम ज्या पद्धतीने पहिल्या मिनिटापासून समोरच्याच्या अंगावर जायची, त्या खेळाला ते स्टेडियम साथ देत होतं. देल्ले आल्पीमध्ये तेच प्रेसिंग करताना मागून येणारा आवाज मैदानापर्यंत पोचायच्या आधीच विरला असता.

वेस्ट हॅमचं नेमकं उलटं झालं. अप्टन पार्क म्हणजे ३५ हजारांचं, जुनाट, कॉर्नर घेणाऱ्या खेळाडूच्या कानात लोक शिव्या घालू शकतील एवढं चिकटून. २०१५-१६ च्या शेवटच्या सीझनला तिथे लीगमध्ये फक्त ३ मॅचेस हरले, सातवे आले. निरोपाच्या मॅचला आपल्यालाच ३-२ ने हरवलं, ती संध्याकाळ विसरणार नाही मी. मग ऑलिम्पिक स्टेडियममध्ये गेले. दीडपटीहून जास्त माणसं, झकपक सगळं, पण मुळात ॲथलेटिक्ससाठी बांधलेलं, गोलमागचे स्टँड मैदानापासून लांबच लांब. पहिल्याच सीझनला घरी ८ हरले आणि अकराव्या नंबरवर. त्यांचा स्टार खेळाडू पायेत जानेवारीत निघून गेला हे खरंय, तेही धरा. पण २०१८ मध्ये बर्नलीविरुद्ध ०-३ हरताना लोक मैदानात घुसले, मालकांच्या बॉक्सखाली जाऊन ओरडले, त्या रागाच्या मुळाशी आमचं घर विकलंत हेच होतं. तिथेच पुढे मॅनेजर मॉइसने टीम चांगली बांधली, युरोपा कॉन्फरन्स लीग जिंकली २०२३ मध्ये, म्हणजे वाईट स्टेडियममध्येही चांगली टीम जिंकते. फक्त स्टेडियमची मदत नसते तिला.

टॉटनहॅमची केस मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. व्हाइट हार्ट लेनवरचा शेवटचा सीझन, २०१६-१७, लीगमध्ये १७ विजय, २ ड्रॉ, हार नाही. मग बांधकामासाठी वेम्बलीत गेले तर लीगच्या पहिल्या तीन होम मॅचेसमध्ये चेल्सीकडून हरले, बर्नलीशी १-१, स्वान्सीशी ०-०. तीच टीम, तोच मॅनेजर पोचेतिनो. वेम्बलीचं मैदान मोठं, व्हाइट हार्ट लेनचं लहान होतं, प्रेसिंग करणाऱ्या टीमला ती चार-पाच मीटर फार महागात पडतात, शिवाय वर्षानुवर्षं ज्या जाहिरातीच्या फळीकडे किंवा ज्या स्टँडच्या कोपऱ्याकडे बघून न बघता पास दिला जायचा ते सगळं गायब. यावर रिचर्ड पोलार्डचा जुना अभ्यास आहे, अमेरिकेतल्या बेसबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकीच्या टीम्सचा: नवीन जागेत गेल्यावर पहिल्या सीझनला घरच्या फायद्यातला साधारण २४ टक्के भाग गेला. खेळ वेगळे आहेत पण कारण तेच, नवीन घर पहिल्या दिवशी घरच्यांनाही परकंच असतं.

नंतर एप्रिल २०१९ मध्ये त्यांचं स्वतःचं नवीन स्टेडियम उघडलं आणि ते खरंच विचार करून बांधलंय, दक्षिणेला १७,५०० लोकांचा एकच अखंड स्टँड, तीव्र उताराचा, मधे श्रीमंत पाहुण्यांच्या काचेच्या बॉक्सेसची रांग नाही. उघडल्यावर आठवड्याच्या आत चॅम्पियन्स लीगमध्ये मॅन सिटीला १-० हरवलं. तेव्हा सगळे म्हणाले झालं, किल्ला तयार झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बायर्न येऊन ७-२ मारून गेले. आणि २०२४-२५ मध्ये इप्सविच आणि लेस्टर, दोन्ही त्या सीझनला रेलिगेट झालेल्या (खालच्या डिव्हिजनमध्ये गेलेल्या) टीम्स, तिथे येऊन जिंकून गेल्या. एवढा सुंदर स्टँड असून टीमच ढेपाळलेली असली की तोच स्टँड आपल्या खेळाडूंवर उलटतो, हुर्यो ऐकायला येते ती पण एकसंध आणि जवळून.

आपल्या मुंबईचंही सांगतो. मुंबई सिटी आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) पहिली दोन वर्षं, २०१४ आणि २०१५, नेरुळच्या डी. वाय. पाटीलला खेळायची. अफाट क्रिकेट स्टेडियम, मधे बाउंड्रीचा सगळा मोकळा पट्टा, माणूस कितीही ओरडला तरी खेळाडू मान वर करून बघणार नाही. सातवे आणि सहावे आलो. २०१६ मध्ये अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात आले, दहा हजारांच्याही आतलं स्टेडियम, आझाद नगर मेट्रोतून उतरून चालत जायचं, आणि त्या सीझनला लीगमध्ये पहिले. उरुग्वेचा स्टार फोरलान होता, कोच गिमारायसचा डिफेन्स कडक होता, मान्य. सेमीफायनलला कोलकात्यात २-३ हरून आलो आणि अंधेरीत ०-० अडकलो हेही खरं, तेव्हा त्या आवाजाने गोल काही झाला नाही. पण वेस्टर्न लाइनवरची पोरं ऑफिसमधून, कॉलेजमधून थेट यायला लागली, तेच तेच चेहरे त्याच त्याच जागी, ढोल, टिफो (स्टँडभर पसरलेले मोठे बॅनर), गाणी, हे सगळं त्या छोट्या जागेतच उगवलं. नेरुळला उगवलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं. ओल्ड ट्रॅफर्डला नवीन स्टेडियम हवंच आहे, मे २०२४ ला आर्सेनलच्या मॅचला छतावरून जो धबधबा कोसळत होता तो बघून कुणालाही लाज वाटेल. नवीन जागा शेजारीच आहे ही मोठी जमेची बाजू, आणि ती तयार होईपर्यंत जुन्यातच खेळायचं आहे, टॉटनहॅमसारखा वनवास नाही. स्पेनच्या बिल्बाओ क्लबने नवीन सान मामेस स्टेडियम असंच जुन्याला लागून बांधलं आणि २०१३-१४ च्या पहिल्याच सीझनला चौथे आले. पण एक लाख ही संख्या मला भीतीदायक वाटते. एक लाख माणसांना बसवायचं तर वरच्या रांगा मागे आणि उंच जाणारच, आणि रोजच्या मॅचला ती भरायची तर मग पर्यटक, कंपन्यांची पॅकेजेस, एकदाच येणारे लोक.

आपण भारतातले फॅन्सही त्यातच मोडतो हे स्पष्ट बोलायला हवं. मलाही जायचंय एकदा, लहानपणापासूनचं स्वप्न आहे, पण मला सगळ्यात वरची कोपऱ्यातली जागा चालेल. स्ट्रेटफर्ड एंडची, म्हणजे गोलमागच्या सगळ्यात गाजणाऱ्या स्टँडची, जागा सॅलफर्ड-मँचेस्टरच्या त्या माणसाची आहे जो फेब्रुवारीच्या पावसात मंगळवारी रात्री वुल्व्जविरुद्धही येतो आणि ज्याच्या शेजारी त्याचा भाऊ उभा असतो. ती माणसं एकमेकांपासून तोडली, चार वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये विखुरली, की गाणं कोण सुरू करणार? नोव्हेंबर २०२४ मध्ये क्लबने भर सीझनमध्ये मेंबर तिकीट ६६ पाउंड केलं, लहान मुलांना आणि पेन्शनवाल्यांना सवलत नाही. त्याच क्लबने आता सांगायचं की आम्ही जगातलं सगळ्यात मोठं वातावरण तयार करतोय, यावर मी कसा विश्वास ठेवू?

मला ८० हजारांचं चालेल. नवीन स्ट्रेटफर्ड एंड मात्र एकच अखंड हवा, किमान २० हजारांचा, उभं राहून बघता येईल असा, पहिली रांग गोललाइनपासून शक्य तितकी जवळ, मधे एकही काचेचा बॉक्स नाही. आत्ताचे सीझन तिकीटवाले आहेत तसे गटागटाने शेजारी-शेजारी तिथे हलवायचे, आणि त्या स्टँडचा दर स्थानिक पोराला परवडेल असा बांधून टाकायचा. छत आणि खांबांची चित्रं बघून झाली आता. किती जागा, कुठल्या स्टँडला, किती पाउंडात, हे क्लबने फॅन संघटनांशी बसून ठरवावं आणि बांधकाम सुरू व्हायच्या आधी लेखी द्यावं.