भोकं बुजवू नका: हीटर, ओल आणि इन्व्हर्टरबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे आणि ती अनुभवातून आलेली आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. मोटारहोममध्ये (राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीत) बॅटरीवर हीटर चालवू नये, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी वाचकांना विनाकारण घाबरवतो. तुमच्याकडे 2000 वॅटचा इन्व्हर्टर आणि 200 अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी आहे, त्यावर 500 वॅटचा हीटर व्यवस्थित चालतो. डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढून घेणारं यंत्र) म्हणजे पैसे पाण्यात, कारण तुमच्या छोट्या यंत्रात रात्रभरात चमचाभर पाणी जमलं. आणि ऊब टिकवायची असेल तर जमिनीतल्या आणि छतातल्या हवेच्या जाळ्या कापडाने बुजवल्या की झालं.

हे शेवटचं वाक्य नसतं तर मी एवढं लांबलचक लिहिलं नसतं. तेव्हा सुरुवात तिथूनच करतो. त्या जाळ्या आजच मोकळ्या करा.

जमिनीतली जाळी गॅससाठी असते. प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही हवेपेक्षा जड. शेगडीचा नॉब अर्धवट बंद राहिला किंवा नळीचा सांधा सैल झाला तर गॅस तळाशी साचत जातो, आणि त्याला बाहेर पडायला तेवढीच एक वाट असते. वरची जाळी श्वासासाठी आणि शेगडीच्या धुरासाठी. हवा कमी पडली की ज्योत अर्धवट जळते, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला ना रंग ना वास. अलार्म लावला आहे म्हणून जाळी बुजवायला हरकत नाही, असंही काही जण म्हणतात. अलार्म झोपेतून उठवतो, हवा आत आणत नाही.

आता ऊब किती वाचते ते पाहू. दोन माणसं रात्रभर झोपली तर श्वासातून आणि घामातून मिळून साधारण अर्धा लिटर पाणी आतल्या हवेत सोडतात, म्हणजे तासाला 60 ग्रॅमच्या आसपास. बाहेर 5 अंश सेल्सिअस तापमान आणि 90 टक्के आर्द्रता धरली, तर त्या हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे 6 ग्रॅम पाणी असतं. आत 18 अंश आणि 60 टक्के असेल तर सुमारे 9 ग्रॅम. म्हणजे आतली एक घनमीटर हवा बाहेर गेली आणि बाहेरची तेवढीच आत आली की 3 ग्रॅम पाणी कमी होतं. तासाला 60 ग्रॅम घालवायला 20 घनमीटर हवा बदलावी लागते, आणि ती 5 वरून 18 अंशांपर्यंत तापवायला लागतात फक्त 85 ते 90 वॅट. दोन माणसं झोपेत जेवढी उष्णता सोडतात त्याहूनही हे कमी आहे. जाळ्या बुजवून तुम्ही एवढंच वाचवता, आणि त्या बदल्यात अर्धा लिटर पाणी गादीखाली, कपाटांच्या मागच्या बाजूला आणि समोरच्या काचेवर जमा करता.

"हीटर लावला की ओल जाते," असं तुम्ही लिहिलंत. हवा तापली की तिची पाणी धरून ठेवण्याची क्षमता वाढते, म्हणून आर्द्रतेचा आकडा खाली येतो आणि अंगाला कोरडं वाटतं. पाणी मात्र होतं तिथेच असतं. त्याच 18 अंशांच्या हवेत घनमीटरमागे 9 ग्रॅम पाणी आहे. झोपताना हीटर बंद केला, पहाटेपर्यंत आत 8 अंश झाले, तर त्या हवेत जेमतेम सव्वाआठ ग्रॅम मावतं. उरलेलं पाणी सर्वांत थंड पृष्ठभागावर बसतं. आणि काच तर त्याच्या कितीतरी आधी ओली होते, कारण अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातलं पाणी थेंब होऊन बसू लागतं ते, 10 अंशांच्या आसपास असतो आणि एकेरी काच त्याहून थंड असते. काच पुसता येते. पण बाहेरच्या पत्र्याला लागून असलेल्या कपाटात काय चाललंय ते महिनाभर कळत नाही. कळतं ते बुरशीच्या वासाने.

तुमच्या छोट्या यंत्राबद्दल: वर्णनावरून ते पेल्टिअर पद्धतीचं दिसतं. त्यात कॉम्प्रेसर नसतो, वीज सोडली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होणारी चकती असते. त्याच्या खोक्यावरचा आकडा बहुधा 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेत मोजलेला असतो. 10 अंशांच्या हवेत मुळात पाणीच कमी, त्यामुळे चमचाभर जमलं हे त्या यंत्राच्या स्वभावाला धरूनच झालं. त्यावरून सगळ्या डिह्युमिडिफायरना निकाली काढणं पटत नाही.

कॉम्प्रेसरचं यंत्र ऊबदार जागेत उत्तम, पण साधारण 15 अंशांच्या खाली त्याच्या थंड नळ्यांवर बर्फ धरतो आणि बराच वेळ तो वितळवण्यातच जातो. थंडीत डेसिकंट पद्धतीचं यंत्र घ्यावं. त्यात झिओलाइटसारखं पाणी शोषणारं चाक फिरतं आणि आतला छोटा हीटर ते चाक पुन्हा सुकवतो. कॉम्प्रेसरच्या यंत्रापेक्षा वीज जास्त खातं, साधारण 300 ते 700 वॅट, पण हा खर्च वाया जात नाही. सगळी वीज उष्णता होऊन आतच राहते, शिवाय वाफेचं पाणी होताना लिटरमागे जवळजवळ 0.7 युनिट उष्णता सुटते तीही आतच. म्हणून बाहेरून वीज मिळत असेल तर तेवढ्याच वॅटच्या हीटरपेक्षा हे यंत्र जागा जास्त गरम करतं, आणि वर कोरडीही करतं. मला तरी थंडीत यापेक्षा उपयोगी विजेचं उपकरण दुसरं दिसत नाही.

याची खरी गरज कडाक्याच्या थंडीपेक्षा सौम्य, ओल्या हवेत जास्त. बाहेर 15 अंश आणि संततधार असेल तर बाहेरच्या हवेतच घनमीटरमागे जवळजवळ 13 ग्रॅम पाणी असतं. ती आत घेऊन 18 अंशांपर्यंत तापवली तरी आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर राहते. अशा वेळी नुसती हवा बदलून ओले कपडे वाळत नाहीत. मग हाताने उघडता येणाऱ्या खिडक्या बंद करा आणि यंत्र चालवा. कायमच्या जाळ्या मात्र तेव्हाही उघड्या. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर यंत्र 55-60 टक्क्यांवर लावून त्याची नळी सिंकमध्ये सोडावी, गाद्या उभ्या कराव्यात, कपाटं उघडी ठेवावीत.

आता बॅटरी. हीटर चालतो, हे मी नाकारलंच नव्हतं. किती वेळ चालतो आणि नंतर काय, हा प्रश्न आहे. इन्व्हर्टरवरचे 2000 वॅट म्हणजे नळाची तोटी केवढी, टाकीत किती पाणी आहे ते त्यावरून कळत नाही. तुमच्या 12 व्होल्टच्या बॅटरीत 2400 वॅट-तास आहेत. आयुष्य टिकवायचं असेल तर त्यातले निम्मे, 1200, वापरावेत. इन्व्हर्टरमधली घट धरून 500 वॅटचा हीटर बॅटरीतून साधारण 555 वॅट, म्हणजे 46 अँपिअर ओढतो. कागदावर दोन तास येतात. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण लेड-अ‍ॅसिडची क्षमता 20 तासांत सावकाश रिकामी करून मोजलेली असते, तुमच्याबाबतीत 10 अँपिअरने. करंट त्याच्या साडेचारपट झाला की तीच बॅटरी कमी देते. आणि वापरलेले 100 अँपिअर-तास भरून काढायला 30 अँपिअरच्या चार्जरवर गाडी साडेतीन-चार तास तरी चालवावी लागते.

लिथियम बॅटरीवर हीटर जास्त वेळ चालेल, हा तुमचा मुद्दा रास्त आहे. 200 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी 2300 वॅट-तास सहज देते, हीटर चार तास चालेल. पण रात्र चार तासांची नसते. शिवाय ही बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करता येत नाही. ती थंड जागेत बसवलेली असेल तर थंडीतल्या सकाळी नेमकी तीच अडचण येते. याच्या शेजारी एवढाच आकडा ठेवतो: तेवढीच उष्णता बाहेर धूर सोडणारा डिझेल हीटर सुमारे 300 मिली डिझेलमधून देतो, आणि चालू झाल्यावर बॅटरीतून फक्त 10 ते 40 वॅट घेतो. ऊब इंधनातून किंवा बाहेरच्या विजेतून घ्यावी, बॅटरी दिवे, पंप आणि पंख्यांसाठी राखावी, हे माझं मत म्हणूनच ठाम आहे. बॅटरीवरच ऊब हवी असेल तर 12 व्होल्टचं गरम पांघरूण घ्या. 50 वॅटच्या आसपास घेतं आणि हवेऐवजी थेट माणसाला ऊब देतं.

इन्व्हर्टरची वायर गाडीच्या बाहेरून वीज घ्यायच्या सॉकेटमध्ये लावून आतले सगळे प्लग चालू करता, असंही तुम्ही ओघात लिहिलंत. हे थांबवा. अशाने गाडीतला चार्जरही चालू होतो आणि बॅटरी स्वतःलाच चार्ज करत राहते, प्रत्येक फेरीत वीज वाया घालवत. गॅस, बॅटरी आणि बाहेरची वीज अशा तिन्हींवर चालणारा फ्रिज असेल तर तोही गुपचूप विजेवर जातो. सुरक्षेचा प्रश्न याहून मोठा आहे. इन्व्हर्टरच्या न्यूट्रल आणि अर्थची जोडणी नीट नसेल तर गाडीतला आरसीडी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) शॉक बसताना पडेलच याची खात्री नाही. इन्व्हर्टरची आणि बाहेरची वीज एकाच वेळी येऊ न देणारा चेंजओव्हर स्विच जाणकार इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या.

बाहेरची वीज असेल तिथे छोटा हीटर जरूर वापरा. सिरॅमिक पीटीसी प्रकारचा बरा, कारण तापत जाईल तसा त्याचा रोध वाढतो आणि करंट आपोआप उतरतो. पुरवठा 6 अँपिअरचा असेल तर 230 व्होल्टवर सगळं मिळून 1380 वॅटच मिळतात, त्यात चार्जर आणि पाण्याचा गीझर धरूनच हिशेब करा. एक्स्टेन्शनची गुंडाळी पूर्ण सोडा, गुंडाळलेली वायर तापते. तासाभराने प्लगला हात लावून पाहा. गरम लागला तर हीटर बंद. पंख्याचा हीटर लावून झोपू नका.

तुम्ही पुढेमागे 2000 वॅटची केटल लावणार म्हणालात. तेव्हा बॅटरीतून 185 अँपिअर वाहतील. वायर आणि सांधे मिळून एक शतांश ओहम रोध असला तरी त्यातच 340 वॅट उष्णता तयार होईल, आणि तीही बहुतेक ढिल्या सांध्यावर. तुमच्या बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या वायरची जाडी आणि लांबी, शिवाय फ्यूज किती अँपिअरचा आणि नेमका कुठे बसवला आहे, एवढं इथेच खाली कळवा. केटल लावण्याआधी हिशेब करून सांगतो.