'राहणं फुकट, जेवण पोटभर': ब्रासेरो छावण्यांच्या गोड आठवणी आणि पगाराची चिठ्ठी

अमेरिकेत पाहुण्या शेतमजुरांचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी परदेशातून आणलेल्या मजुरांचा, विषय निघाला की कॅलिफोर्निया-टेक्ससच्या जुन्या शेतकरी घराण्यांतली एक आठवण हमखास फिरू लागते. 'आमच्या आजोबांची छावणी होती. मेक्सिकोहून आलेल्या माणसांना राहणं फुकट, आजीच्या देखरेखीखालचं जेवण, हमीचं काम, वर सक्तीची बचत. तीच माणसं दरवर्षी हसत परत यायची. मग युनियनवाले घुसले आणि सगळं बंद पडलं.'

सांगणारा सहसा खोटं बोलत नसतो. पण ही छावणी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलेली आहे. पगाराच्या चिठ्ठीवरून पाहिली की ती निराळी दिसते.

हा ब्रासेरो कार्यक्रम. ब्रासेरो म्हणजे हातांनी राबणारा. मेक्सिकोतले मजूर मुदतीच्या करारावर अमेरिकेत आणायचा हा कार्यक्रम ४ ऑगस्ट १९४२ च्या या दोन देशांच्या सरकारांमधल्या करारानं सुरू झाला आणि ३१ डिसेंबर १९६४ ला संपला. या काळात मजुरांशी सुमारे ४५ लाख करार झाले. माणसं त्याहून बरीच कमी, कारण एकेकानं अनेकदा सही केली.

'राहणं फुकट होतं.'

होतं, करारातच तसं कलम होतं. प्रश्न एवढाच की फुकट काय मिळालं. अशा छावण्यांसाठी अमेरिकेच्या आजच्या संघीय नियमांत जी मापं आहेत ती घ्या: झोपायच्या खोलीत माणशी ५० चौरस फूट, दुमजली खाटांमध्ये ४८ इंचांचं अंतर, तीन मजली खाटांना बंदी, १० जणांमागे शॉवरची एक तोटी, १५ जणांमागे एक संडास. आता २० फूट बाय ६० फुटांची एक बराक धरा. नियमानं तिच्यात २४ जण राहतील. पण अडीच फुटी दुमजली खाटा भिंतींना काटकोनात लावल्या आणि मधे फक्त दीड-दीड फूट सोडलं, तर दोन्ही बाजूंना मिळून ३० खाटा बसतात, म्हणजे ६० माणसं. मधली वाट चांगली सात फूट राहते, त्यामुळे फोटोत बराक ऐसपैस दिसते. वाट्याला येते माणशी २० चौरस फूट. भाडं घ्यायचं नाही म्हटल्यावर एकेका माणसामागचा खर्च कमी करायचा सोपा मार्ग हाच उरतो.

बिघाड कुठे होतो तेही पाहा. सगळे एकाच ट्रकनं संध्याकाळी सहाला परततात. तोट्या तीन असतील आणि माणशी पाच मिनिटं धरली, तर शेवटच्या माणसाची अंघोळ होईपर्यंत एक तास चाळीस मिनिटं जातात, आणि बंबातलं गरम पाणी पहिल्या वीस-पंचवीस जणांतच संपलेलं असतं. सांडपाण्याचा खड्डा निम्म्या माणसांच्या हिशेबानं खणलेला असेल तर तो हंगामाच्या मध्यावरच तुंबतो. मग माश्या, आणि माश्यांमागून जुलाब.

'जेवण घरच्यासारखं असायचं.'

काही ठिकाणी असेलही. पण जेवण फुकट नव्हतं. पन्नाशीच्या दशकात दिवसाला १ डॉलर ७५ सेंटपर्यंत कापायची मुभा होती, म्हणजे आठवड्याला १२ डॉलर २५ सेंट. खाणावळ हा धंदा होता, आणि कुठल्याही खाणावळीत नफा ताटातूनच निघतो.

मक्याची रोटी, म्हणजे तोर्तिया, हेच उदाहरण घ्या. १०० माणसांना दिवसाला प्रत्येकी १२ म्हणजे १२०० तोर्तिया, ३० ग्रॅमची एक धरली तर ३६ किलो. त्याला साधारण २५ किलो कोरडा मका लागतो. तो आदल्या रात्री पाव किलो खायच्या चुन्याच्या पाण्यात उकळून तसाच भिजत ठेवायचा, पहाटे चोळून धुवायचा, दळायचा, थापायचा, भाजायचा. चुना कमी पडला तर साल सुटत नाही आणि पीठ चिकटपणा धरत नाही, जास्त झाला तर कडवट लागतं. दोन-तीन बायांची पहाट यात जाते. त्यापेक्षा कापलेला पांढरा पाव आणि त्यात बोलोनीचा, म्हणजे तयार सॉसेज-मांसाचा, काप स्वस्त आणि झटपट, म्हणून शिदोरीत तेच जास्त. पहाटे चारला भरलेली शिदोरी उन्हात उभ्या ट्रकवर दुपारपर्यंत राहिली की मांस बिघडतं. यात स्वयंपाकिणीच्या मायेचा काही दोष नाही, पण बर्फाची पेटी कुणी विकत घ्यायची हा प्रश्न मायेनं सुटत नव्हता.

'कामाची हमी होती.'

हमी होती करारातल्या कामाच्या दिवसांपैकी तीन चतुर्थांशांची, आणि ती संपूर्ण मुदतीवर मोजायची, आठवड्यावर नाही. पावसाचा आठवडा धरा: ३२ तास काम, तासाला ५० सेंट, म्हणजे १६ डॉलर. जेवणाचे १२ डॉलर २५ सेंट वजा. हातात ३ डॉलर ७५ सेंट, तेही विम्यासारख्या इतर कपाती व्हायच्या आधी. ऊसतोडीच्या मुकादमाची वही ज्यानं पाहिली आहे त्याला हे गणित समजावून सांगावं लागत नाही.

शेतावर न्यायची सोय हीसुद्धा अभिमानानं सांगतात. १७ सप्टेंबर १९६३ ला कॅलिफोर्नियात चुआलारजवळ सपाट ट्रकवर बाकं आणि छप्पर चढवून केलेली अशीच एक 'बस' रेल्वेखाली सापडली. ३२ मजूर गेले.

'आवडत नसतं तर परत कशाला आले असते?'

हा सगळ्यात वजनदार वाटणारा मुद्दा आणि सगळ्यात पोकळ. मजूर ज्या मालकाच्या करारावर आला त्याच्याशीच बांधलेला होता. छावणी सोडली की तो बेकायदा. कागदावर त्याला आपला प्रतिनिधी निवडायचा हक्क होता, पण करार काही आठवड्यांचे आणि नूतनीकरण मालकाच्या हाती, तेव्हा तक्रार करणारा पुढच्या यादीत नसे. उलट चांगल्या हाताच्या, न कुरकुरणाऱ्या माणसांना मालक नावानिशी पुन्हा बोलावू शकत. त्यांना 'स्पेशल' म्हणत. दरवर्षी परतणारे ओळखीचे चेहरे बहुतेक हेच. गाळून उरलेल्यांकडे पाहून कुणीच गेलं नाही म्हणण्यासारखं आहे हे.

शिवाय परतीची वाट सोपी नव्हती. मेक्सिकोतल्या भरती केंद्राबाहेर आठवडे काढायचे, यादीत नाव यावं म्हणून लाच द्यायची, मग हाताचे घट्टे तपासून घ्यायचे आणि सीमेवर अंगावर डीडीटी या कीटकनाशकाची भुकटी मारून घ्यायची. तरी लोक आले, कारण गावाकडे त्याहून कमी मिळत होतं. त्या पैशातून घरं उभी राहिली, शेतं घेतली, हेही खरंच. त्यातून गरज सिद्ध होते, समाधान नाही.

'बचत तरी झाली.'

सुरुवातीच्या वर्षांत पगारातले दहा टक्के कापून मेक्सिकोतल्या बँकांकडे पाठवले जात. असंख्य मजुरांना ते मिळालेच नाहीत. २००५ मध्ये मेक्सिको सरकारनं ३८,००० पेसोंची एकरकमी भरपाई जाहीर केली, तीही जुनी कागदपत्रं दाखवू शकणाऱ्यांना. छावणीच्या गादीखाली तो कागद साठ वर्षं कोण जपणार?

'युनियननं बंद पाडलं.'

तारखा जुळत नाहीत. ज्या संपानं शेतमजुरांची युनियन गाजली तो कॅलिफोर्नियातल्या डेलानोचा द्राक्षमळ्यांवरचा संप ८ सप्टेंबर १९६५ ला सुरू झाला, तोही आधी फिलिपिनो मजुरांनी. तेव्हा कार्यक्रम संपून आठ महिने झाले होते. त्याला विरोध करणाऱ्यांत कामगार संघटना होत्या, चर्चची मंडळी होती, पण कार्यक्रम बंद झाला तो अमेरिकेच्या संसदेनं मुदत वाढवली नाही म्हणून. उलट बाजूचा एक लाडका दावाही तितकाच कच्चा आहे. ब्रासेरो गेल्यावर स्थानिक मजुरांची मजुरी वाढली, असं आकडे सांगत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या टोमॅटोवाल्यांनी मजुरी वाढवण्याऐवजी यंत्र घेतलं, आणि यंत्राच्या मारानं फुटू नये म्हणून जाड सालीचं वाण लावलं.

कुणाच्या घरी छावणीचे जुने फोटो असतील तर चेहरे नंतर पाहावेत. आधी खाटांमधलं अंतर मोजावं, तोट्या मोजाव्यात, आणि त्याच खोक्यात पगाराच्या चिठ्ठ्या असतील तर कपातीचा रकाना वाचावा.