हैतीत कॉलरा भूकंपामुळे आला नव्हता

‘हैतीमध्ये २०१० साली भूकंप झाला, प्रेते कुजली, पाणी नासले आणि त्यातून कॉलरा उसळला, अशा वेळी साथीचे मूळ शोधत बसण्यापेक्षा रुग्णांवर उपचार करावेत’, असा मजकूर बराच फिरत आहे. त्यातील शेवटचे वाक्य शहाणपणाचे वाटते आणि म्हणूनच ते अधिक घातक आहे.

प्रेतांचा मुद्दा लगेच निकालात निघतो. ढिगाऱ्याखाली मेलेल्यांच्या शरीरात कॉलऱ्याचा जंतू आधी असावा लागतो आणि हैतीत तर त्यापूर्वीच्या सुमारे शंभर वर्षांत या रोगाची नोंदच नव्हती.

भूकंपाचे कारण तारीख आणि नकाशा यांपुढे टिकत नाही. भूकंप १२ जानेवारीचा, साथ ऑक्टोबरची. जंतू पोटात गेल्यावर लक्षणे दिसायला काही तास ते पाच दिवस लागतात, नऊ महिने नव्हेत. शिवाय मोठी पडझड राजधानी पोर्तोप्रँसच्या परिसरात झाली होती, तर सुरुवातीचे रुग्ण मिरबालेजवळ, आर्तिबोनित नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी आढळले, जिथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील नेपाळी तुकडीची छावणी होती. रेनो पियारू या फ्रेंच साथरोगतज्ज्ञांनी गावोगावच्या रुग्णांच्या तारखा आणि ठिकाणे जुळवून हा माग काढला. पुढे जनुकीय तपासणीत हैतीतील जंतू नेपाळमधील जंतूंशी जवळजवळ तंतोतंत जुळले. (दोष कोणत्या देशाचा नव्हे, छावणीतील मैला नदीपर्यंत पोहोचू देणाऱ्या व्यवस्थेचा आहे.) २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली.

उपचारांचे महत्त्व कोणीच नाकारत नाही. जलसंजीवनी आणि सलाईन वेळेवर मिळाल्यास मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या खाली राहते. परंतु त्याने आजारी माणूस वाचतो, त्याच पाण्यावर जगणाऱ्या शेजाऱ्याची लागण टळत नाही. हैतीत आठ लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे दहा हजार दगावले. २०१३ पासून शीघ्र प्रतिसाद पथके रुग्णाची खबर लागताच त्याच्या घरी आणि शेजारी जाऊन क्लोरीन व साबण देऊ लागली. मूळ शोधणे म्हणतात ते प्रत्यक्षात हेच. २०१९ च्या सुरुवातीनंतर तीन वर्षांहून अधिक काळ एकही खात्रीचा रुग्ण सापडला नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये कॉलरा परतला, हे खरे. त्या वेळी सशस्त्र टोळ्यांनी राजधानीतील इंधनसाठ्याची वाट अडवल्याने पिण्याच्या पाण्याचा पुरवठा कोलमडला होता आणि पथकांना अनेक वस्त्यांत पाऊलही टाकता येत नव्हते.